आश्चर्याची उलटतपासणी

गेल्या उत्सवाच्या सुमारास आमच्या देवळाच्या सभामंडपात एक लहानशी बैठक जमली होती. आमच्या परिचयाचे एक सद्गृहस्थ वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटावर काही दिवस राहून नुकतेच परतले होते, आणि तेथील नवलकथा ऐकावयास मंडळी उत्सुक होती. गृहस्थ बोलके, सांगण्याची हातोटीही बरी. तेथे म्हणे घरोघरी अंगणात बांबूंवर रंगीबेरंगी निशाणे फडकतात. देवळात माणसे चर्चमधल्याप्रमाणे बाकांवर बसतात. पूजेची मुख्य गर्दी रविवारी सकाळी. पंडितजी निरूपण करतात ते इंग्रजीत. आणि गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री हिंदू बायाबापड्या तेल-तांदूळ घेऊन एका कॅथलिक चर्चच्या दारी रांगेने उभ्या राहतात! प्रत्येक वाक्यागणिक हशा पिकत होता. शेवटी त्यांनी समारोप केला, "एकंदरीत काय, सगळी सरमिसळ. आपले असे शुद्ध काही उरलेले नाही." मंडळींनी माना डोलावल्या. तेवढ्यात खांबाशी वाती वळीत बसलेल्या एका वृद्ध बाईंनी विचारले, "पूण बाबा, थंय दिवो लायतात न्हय?" गृहस्थांस उत्तर सुचण्यापूर्वीच आरतीची घंटा झाली व बैठक मोडली.

तो प्रश्न मात्र आमच्या मनातून गेला नाही. परक्या मुलखातील रीतिरिवाज पाहून प्रवाशास जे आश्चर्य वाटते, त्याला वाङ्मयात फार मोठे स्थान आहे. प्रवासवर्णन नावाचा सबंध वाङ्मयप्रकारच त्यावर उभा आहे. परंतु हे आश्चर्य म्हणजे नेमके काय, आणि त्याची किंमत काय, याचा विचार क्वचितच होतो. आम्ही धंद्याने वकील. साक्षीदार खोटे बोलत नसला तरी त्याची साक्ष पूर्ण असतेच असे नाही, हे आम्हांस कोर्टात रोज दिसते. म्हणून आज या आश्चर्यालाच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करून त्याची उलटतपासणी घ्यावी, असा बेत आहे. आम्ही स्वतः त्रिनिदाद पाहिलेले नाही, हे प्रारंभीच सांगून टाकतो. न्यायाधीशानेही घटना डोळ्यांनी पाहिलेली नसते. पाहणाऱ्यांच्या साक्षी ताडून पाहणे एवढेच त्याच्या हाती असते.

प्रथम प्रवाशांच्या मार्गदर्शक पुस्तिका घेऊ. त्यांतील सूचना साधारणतः अशा असतात. दुकानात शिरताना अथवा भाड्याच्या मोटारीत इतरांशेजारी बसताना आधी 'गुड मॉर्निंग' म्हणावे, नंतर कामाचे बोलावे. तसे न करणारा उद्धट समजला जातो. सैनिकी चट्ट्यापट्ट्यांचे कापड अंगावर घालू नये. तो कायद्याने गुन्हा आहे. कोणी 'जस्ट नाऊ' म्हणाले तर 'आत्ता' असा अर्थ न घेता स्वस्थ बसून राहावे. चार माणसे रस्त्याच्या कडेला विनाकारण गप्पा मारीत उभी दिसली तर तो आळस समजू नये; त्यास 'लायमिंग' म्हणतात आणि तो तेथील मान्य विरंगुळा आहे. ख्रिस्ती उपवासकाळाच्या आधीच्या सोमवारी व मंगळवारी कार्निव्हल असतो. तो सोमवारी पहाटे अंधारातच चिखल-रंग फासून सुरू होतो.

यांतील एकही विधान खोटे नाही. परदेशी अपमान होऊ नये व करू नये यासाठी ही माहिती उपयोगीच पडते. आमची तक्रार वेगळी आहे. या पुस्तिकांत 'काय' व 'कसे' असते, 'का' नसते. रिवाज जणू त्या मातीत झुडपासारखा आपोआप उगवला आहे, अशा थाटात तो सांगितला जातो. मग वाचकाच्या हाती केवळ नवल उरते, आणि नवलाच्या पोटात, कळत-नकळत, एक निकाल दडलेला असतो: ही माणसे विचित्र आहेत.

या निकालाचा इतिहास जुना आहे. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळचे हे बेट १७९७ पर्यंत स्पॅनिश अंमलाखाली व नंतर इंग्रजांकडे होते. १८३८ मध्ये आफ्रिकी गुलामांची पुरती मुक्तता झाली आणि उसाच्या मळ्यांस मजूर हवे झाले. ३० मे १८४५ रोजी 'फातेल रझाक' हे जहाज हिंदुस्थानातून पहिले गिरमिटिये घेऊन तेथे पोहोचले. १९१७ पर्यंत सुमारे एक लाख चव्वेचाळीस हजार माणसे याप्रमाणे गेली. बहुसंख्य आजच्या उत्तर प्रदेश व बिहारमधली; त्यांची बोली मुख्यतः भोजपुरी. २०११ च्या शिरगणतीत बेटाच्या लोकसंख्येचा एक तृतीयांशाहून अधिक भाग भारतीय वंशाचा भरला.

अशा या समाजाविषयी इंग्रज इतिहासकार जेम्स अँथनी फ्रूड यांनी वेस्ट इंडीजचा धावता दौरा करून १८८८ मध्ये एक पुस्तक प्रसिद्ध केले. गव्हर्नरांच्या बंगल्यांतून व बोटीच्या डेकवरून त्यांनी बरेच पाहिले, आणि निष्कर्ष काढला की या बेटांवरील कृष्णवर्णीय प्रजा स्वराज्यास लायक नाही. पाहुण्याचे कुतूहल राज्यकर्त्याच्या फर्मानास कसे साहाय्य करते, याचे हे ठळक उदाहरण होय. त्यास उत्तर दिले ते त्रिनिदादच्याच एका शाळामास्तराने. जॉन जेकब थॉमस यांनी १८८९ मध्ये 'फ्रूडॅसिटी' नावाचे पुस्तक लिहून फ्रूडसाहेबांचे एकेक विधान तपासले. याच थॉमस यांनी वीस वर्षांपूर्वी, १८६९ मध्ये, बेटावरील क्रिओल बोलीचे व्याकरण लिहिले होते. ज्या बोलीस सारे सुशिक्षित मोडकी फ्रेंच म्हणून हसत, तिला नियम आहेत हे त्यांनी दाखवून दिले. ज्यांच्या घरी एक भाषा व देवळात दुसरी चालते, आणि कोणती भाषा कोणाची बोली या वादाचा धुरळा ज्यांनी डोळ्यांत झेलला आहे, त्या आमच्या वाचकांस या कामाचे मोल निराळे सांगावयास नको.

आता दुसरा साक्षीदार, आणि तो मोठा आहे. व्ही. एस. नायपॉल यांचा जन्म १९३२ मध्ये त्रिनिदादमधील चाग्वानास येथे, गिरमिटियांच्या वंशात झाला. इंग्लंडात स्थायिक झाल्यावर, बेटाचे त्यावेळचे प्रीमियर व स्वतः इतिहासकार असलेले एरिक विल्यम्स यांच्या सूचनेवरून ते १९६० मध्ये मायदेशी आले, आणि १९६२ मध्ये त्यांचे 'द मिडल पॅसेज' हे प्रवासवर्णन निघाले. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला त्रिनिदाद व टोबॅगो स्वतंत्र झाले. नव्या राष्ट्राच्या बारशाला त्याच्याच पुत्राने दिलेला हा आहेर कडवट होता. या बेटांत काही निर्माण झाले नाही, येथील माणूस उसन्या मुखवट्यांनी जगतो, असा त्यांचा सूर आहे. पुस्तकाच्या आरंभी त्यांनी वचन उद्धृत केले ते कोणाचे? फ्रूड यांचे! विरुद्ध पक्षाच्या साक्षीदारास आपल्या बाजूने उभे करण्याचा हा प्रकार पाहून आम्ही प्रथम वाचताना थबकलो होतो.

तथापि नायपॉल यांना एवढ्यावर निकालात काढणे अन्यायाचे होईल. खुशामत त्यांच्या लेखणीस ठाऊक नव्हती. गरीब देशांनी पाहुण्यांच्या मनोरंजनासाठी स्वतःस सजवून उभे करावे, यातील मानहानी त्यांनी फार लवकर ओळखली व स्पष्ट लिहिली. त्या बाबतीत मार्गदर्शक पुस्तिकांचे ते सर्वांत कठोर टीकाकार ठरतात. परंतु त्यांच्या साक्षीतील विसंगती त्यांच्याच दुसऱ्या ग्रंथाने उघडी पडते. १९६१ मध्ये, म्हणजे अवघ्या एका वर्षापूर्वी, त्यांची 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास' ही कादंबरी प्रसिद्ध झाली होती. तीत तेच बेट, तीच हिंदू माणसे, तीच सासुरवाडीची बजबजपुरी आणि भाड्याच्या खोल्यांतून वणवण करीत स्वतःच्या घराचा ध्यास घेतलेला एक सामान्य जावई आहे. उपहास तेथेही आहे. पण पाने उलटता उलटता त्या माणसाची धडपड आपली होते. जेथे काही निर्माण झाले नाही असे प्रवासवर्णन सांगते, तेथेच एक माणूस फुटक्या-तुटक्या सामानातून घर निर्माण करताना कादंबरी दाखवते. आमच्या मते कादंबरीकार नायपॉल यांनी प्रवासी नायपॉल यांच्याविरुद्ध दिलेली साक्ष अधिक विश्वासार्ह आहे. प्रवाशास परतीची घाई असते, म्हणून तो निकाल देऊन मोकळा होतो. कादंबरीकाराला त्या घरात राहावे लागते.

तिसरा साक्षीदार डेरेक वॉलकॉट. हे कवी सेंट लुसिया बेटावर १९३० मध्ये जन्मले. त्रिनिदादमध्ये अनेक वर्षे राहिले. १९५९ मध्ये तेथे त्यांनी नाट्यसंस्था उभारली. १९९२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा स्टॉकहोम येथे त्यांनी जे व्याख्यान दिले त्याची सुरुवात एका रामलीलेने होते. फेलिसिटी नावाच्या, उसाच्या मळ्यांशेजारच्या भारतीय वस्तीत ते काही अमेरिकन स्नेह्यांना घेऊन रामलीला पाहावयास गेले. उघडे मैदान, बांबूचा उभा राहत असलेला रावण, रंगीत वस्त्रांतील मुले. नाटकवाल्याच्या नजरेने ते पाहू लागले आणि मळे, मजूर, हरवलेला देश असा करुण अर्थ त्यांनी त्या दृश्यास आपल्या मनाने चिकटवला. मग त्यांच्या ध्यानी आले की ही मुले नाटक करीतच नाहीत. राम राम आहे, रावण रावण आहे. त्यांच्या चेहऱ्यांवर हरवल्याचे दुःख नाही, सणाचा आनंद आहे. दुःख पाहणाऱ्याने सोबत आणलेले होते. जगाच्या सर्वोच्च व्यासपीठावर उभे राहून या कवीने आपली नजर चुकली होती अशी कबुली दिली.

प्रवासी वाङ्मयात अशी कबुली दुर्मिळ. वॉलकॉट तर परके नव्हते. शेजारच्या बेटाचे आणि त्रिनिदादचे जुने रहिवासी होते. तरी आपल्याच शेजाऱ्यांची रामलीला आपण इतक्या वर्षांत पाहिली नव्हती, हे त्यांनी लपविले नाही. येथे आश्चर्याची दिशा उलटते: 'ही माणसे अशी कशी?' याऐवजी 'मला हे असे का दिसले?' असा प्रश्न येतो. उणीव काढावयाचीच तर एक आहे. व्याख्यानात फेलिसिटीच्या लोकांचे म्हणणे त्यांच्या तोंडून ऐकावयास मिळत नाही. कबुली देणाऱ्याचाच आवाज सर्वत्र भरून राहतो. पण स्वतःच्या चुकीची नोंद ज्या साक्षीदाराने स्वतः केली, त्याच्या उरलेल्या साक्षीवर विश्वास ठेवावयास कोर्टाला जड जात नाही.

आता पुस्तिकांत नसलेला 'का' कोठे सापडतो ते पाहू. आमच्या धंद्यामुळे असेल, पण आम्हांस तो पुष्कळदा कायद्याच्या दप्तरात सापडला. तेलाच्या पिंपांपासून बनविलेली सुरेल वाद्ये हे त्रिनिदादचे मोठे नवल. त्यामागे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ढोलांवर घातलेली बंदी आहे. ढोल गेले तेव्हा लोकांनी बांबू आपटून ताल धरला, आणि पुढे १९३० च्या सुमारास पत्र्याची भांडी हाती घेतली. मोहरमचे ताबूत तेथे 'होसे' म्हणून निघतात, त्यांपुढे 'तासा' वाजतो आणि हिंदूही त्यात सामील होतात, याचे पाहुण्यास नवल वाटते. तो तासा आपल्या ढोल-ताशातलाच ताशा होय. आणि ताबुताच्या मिरवणुकीत मानाने चालणारी हिंदू घराणी ग्वाल्हेर व हैदराबादकडील वाचकांस अपरिचित नाहीत. पण १८८४ च्या ऑक्टोबरात सान फर्नांडो गावात ही मिरवणूक नेण्यास बंदी केली असताना ती आली, म्हणून सरकारी बंदुकांनी तीवर गोळ्या झाडल्या व अनेक मजूर मारले गेले. मिरवणुकीत हिंदू-मुसलमान दोघेही होते. सणाचे बेगडी मनोरे पाहून आश्चर्य करणाऱ्यास हे रक्त दिसत नाही.

विवाहाचे घ्या. लग्नाआधीच्या शुक्रवारी रात्री बायका वाजतगाजत जाऊन माती खणून आणतात, तो 'मटिकोर' पाहुण्यास मौजेचा वाटतो. परंतु अग्नीसमोर लागलेले हिंदू लग्न त्या बेटावर दीर्घकाळ कायद्याने लग्नच नव्हते. स्वतंत्र नोंदणी केली नसेल तर मुले अनौरस ठरत व वारसाचा प्रश्न उभा राही. हिंदू विवाहाचा कायदा झाला १९४५ मध्ये, पहिल्या जहाजानंतर शंभर वर्षांनी. चार पिढ्यांच्या मातांनी जी लग्ने सरकारी कागदाविना निभावली, त्यांचे पुरावे म्हणजे ती माती, ती गाणी आणि तो सोहळा. हा भेदभाव केवळ हिंदूंच्याच वाट्यास आला असेही नाही. 'शाउटर' म्हणून हिणवलेल्या आफ्रिकी वंशाच्या बॅप्टिस्टांच्या उपासनेवर १९१७ पासून १९५१ पर्यंत कायदेशीर बंदी होती. आज ३० मार्च हा त्यांच्या मुक्तीचा सार्वजनिक सुटीचा दिवस आहे, आणि दिवाळीची सार्वजनिक सुटी १९६६ पासून चालू आहे.

मग देवळातली बाके आणि रविवारची पूजा यांचे नवल तरी कशाला? मळ्याच्या मजुराला रविवार तेवढाच मोकळा. कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशनरी १८६८ पासून भारतीय मुलांसाठी शाळा काढून बसलेले. अशा परिस्थितीत ज्यांना आपला देव व आपली मुले राखावयाची होती, त्यांनी समोरच्याचीच बैठक घेऊन तीवर रामचरितमानस मांडले, असा आमचा तर्क आहे. पुढे १९५२ मध्ये सनातन धर्म महासभा स्थापन झाली आणि हिंदूंच्या स्वतःच्या शाळा उभ्या राहिल्या. अंगणातली ती निशाणे म्हणजे 'झंडी'; हनुमानाची अथवा अन्य देवाची पूजा झाली की तेथे बांबू रोवून झंडी लावतात. आपल्याकडे वृंदावन जे सांगते तेच ती सांगते: हे घर कोणाचे. यज्ञाच्या जेवणाला तेथे 'सोहारी' नावाचे रुंद पान असते. आपल्या केळीच्या पानाची जागा त्याने घेतली आहे. आणि कारापिचाइमा येथे २००३ मध्ये प्रतिष्ठापित झालेली ८५ फुटी हनुमंताची मूर्ती ज्या देवस्थानात उभी आहे ते आहे दत्ताचे! नरसोबाची वाडी व गाणगापूर करणाऱ्या आमच्या बेळगावकर वाचकांस हे वाचून त्या बेटाचे अंतर थोडे कमी झाल्यासारखे वाटेल.

त्या कॅथलिक चर्चपुढील रांगेवरही बैठकीत सर्वांत मोठा हशा झाला होता. सिपारिया गावच्या चर्चमध्ये मेंढपाळी मातेची सावळी मूर्ती आहे. हिंदू तिला 'सिपारी माई' म्हणतात, तेल-तांदूळ वाहतात, मुलांचे जावळ तेथे काढतात. हसणाऱ्यांत आम्हीही होतो, आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण आमच्यापासून किती कोसांवर आहे याचा आम्हांस विसर पडला होता. शिरगावच्या लईराईची ती बहीण, असे मानून तिच्या फेस्ताला तेल वाहणारे हिंदू आमच्याच घरांत आहेत. आपल्या दारची भक्ती ती परंपरा, आणि दुसऱ्याच्या दारची तीच भक्ती मात्र सरमिसळ, हा कोणत्या शास्त्राचा न्याय?

सर्वांत शेवटी समुद्रातल्या देवळाची हकीकत. सिवदास साधू नावाच्या ऊसमळ्यावरील मजुराने वॉटरलू गावाजवळ किनाऱ्यावर १९४७ मध्ये लहानसे देऊळ बांधले. जमीन साखर कंपनीची होती. प्रकरण कोर्टात गेले. १९५२ मध्ये देऊळ पाडण्यात आले आणि साधूस चौदा दिवस तुरुंगवास झाला. सुटल्यावर त्याने विचार केला की जमीन कंपनीची आहे, समुद्र तर नाही. ओहोटीच्या वेळी तो चिखलात उतरे, सायकलवरून दगड-माती वाहून आणी व भर घाली. असे वर्षानुवर्षे करून त्याने पाण्यात देऊळ उभे केले. ते लाटांनी खचले. १९९५ च्या सुमारास त्याची पुनर्बांधणी झाली, आणि आज पुस्तिकांत ते 'अवश्य पाहावे' या सदरात येते. कायद्याच्या दृष्टीने साधूचा युक्तिवाद कितपत टिकला असता हा प्रश्न वेगळा. समुद्रतळही सहसा सरकारचाच असतो. पण हा युक्तिवाद आमच्या पूर्वजांनी केलेला आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळे पाडावयास घेतली तेव्हा कुशस्थळीहून मंगेश व केळशीहून शांतादुर्गा रातोरात नदी ओलांडून अंत्रूज महालात नेली गेली ती एवढ्याचसाठी, की त्या नदीशी त्यांचे राज्य संपत होते. मंगेशी व कवळ्याच्या सभामंडपात बसणाऱ्यांनी तरी वॉटरलूच्या देवळाला नवल म्हणू नये. ती आपलीच गोष्ट आहे, नदीच्या जागी समुद्र एवढाच फरक.

याचा अर्थ प्रवाशाने आश्चर्य करूच नये असा नव्हे. आश्चर्य हे कुतूहलाचे मूळ आहे. ते नसेल तर माणूस उंबऱ्याबाहेर पडणार नाही. आमचे म्हणणे एवढेच, की आश्चर्याने निकाल देऊ नये, त्याने चौकशी सुरू करावी. आणि ही अपेक्षा आमच्या वाचकांकडून इतरांपेक्षा अधिक आहे. पुण्या-मुंबईचा पाहुणा आमच्या घरी येतो, बेळगावच्या मराठीतील कानडी हेल, इंदूरचा हिंदी वळसा, बडोद्याचा गुजराती शब्द किंवा गोव्याचे कोकणी मिश्रण ऐकून गालात हसतो, आणि 'तुमच्याकडे मराठी टिकली आहे हो!' असे कौतुकाने म्हणतो. त्या कौतुकातला काटा आम्हांस पिढ्यान्‌पिढ्या टोचत आला आहे. शुद्धतेची मोजपट्टी मध्यवर्ती ठिकाणी ठेवलेली असते व कडेच्या माणसाने नेहमी मापून घ्यावयाचे असते. मग हीच मोजपट्टी हाती घेऊन आम्ही सातासमुद्रापलीकडच्या कडेच्या माणसाला मापावयास निघालो, तर आमच्यात आणि फ्रूडसाहेबांत अंतर ते किती राहिले?

त्या सद्गृहस्थांची गाठ परवा पुन्हा पडली. बोलता बोलता आम्ही त्यांना वातीवाल्या बाईंच्या प्रश्नाची आठवण दिली. ते थोडे ओशाळले, म्हणाले, "अहो, लावतात तर! दिवाळीत बांबू चिरून, वाकवून त्यांच्या कमानी करतात, आणि त्या कमानींवर ओळीने मातीच्या पणत्या. गावेच्या गावे उजळतात. हे तेवढे सांगावयाचे राहूनच गेले." आम्ही त्यांना विनंती केली आहे की पुढच्या पौर्णिमेच्या बैठकीत त्यांनी तेवढेच सांगावे. बाई त्या दिवशी असतील.